उद्या मृत्युपत्र बदलणार म्हणून आज रात्री खून: जुन्या इंग्लिश रहस्यकादंबऱ्यांमागचा कायदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्लिश रहस्यकादंबऱ्या तुम्ही ओळीने वाचून काढल्या आणि तीच चौकट पुन्हा पुन्हा समोर आली: गावाबाहेरचं मोठं घर, पैसेवाला तिरसट म्हातारा, भोवती मुलं, सुना, पुतणे, एखादी नर्स. म्हातारा जेवणाच्या टेबलावर जाहीर करतो की उद्या सॉलिसिटर, म्हणजे घरचा वकील, येणार, मृत्युपत्र बदलणार. सकाळी तो मेलेला सापडतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ही लेखकांची नुसती सोय आहे, की कायदाच तसा होता? खुन्याला पैसा खरोखर मिळायचा का? आणि पुस्तक मिटल्यावर इस्टेटीचं पुढे काय होत असेल?

मृत्युपत्रं आणि वारसाहक्काचे दावे हेच माझं काम, आणि या कादंबऱ्या हा फार जुना नाद. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मधे तीन गाजलेल्या कादंबऱ्यांतल्या काही गोष्टी उघड होतील. त्या जागी आधी सूचना देईन.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सोय आहेच, पण ती इंग्लंडच्या कायद्यानेच लेखकांच्या हाती दिली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये माणूस आपली सगळी मिळकत कोणालाही देऊ शकत होता. बायकोला काही नाही, मुलांना काही नाही, सगळं मांजरांच्या आश्रमाला, असं मृत्युपत्र चालायचं. फ्रान्समध्ये हे जमत नाही. तिथे मुलांचा ठरावीक हिस्सा कायद्याने राखलेला असतो, बापाची मर्जी उरलेल्या भागापुरती. स्कॉटलंडमध्येही जंगम मिळकतीत मुलांचा हक्काचा वाटा असतो: बापामागे आई असेल तर एक तृतीयांश, नसेल तर अर्धा. म्हणजे हेच कथानक एडिंबरोला नेलं तर धमकीतली निम्मी हवा गेली. ‘तुला एक छदामही मिळणार नाही’ हे वाक्य त्या बेटावर फक्त सीमेच्या दक्षिणेला पूर्ण खरं होतं.

१९३८ मध्ये पार्लमेंटने कुटुंबाच्या तरतुदीचा कायदा केला आणि जुलै १९३९ पासून तो लागू झाला. मृत्युपत्रात डावललेल्यांना त्यानंतर कोर्टाकडे पोटगीवजा रक्कम मागता येऊ लागली. पण मागू कोण शकत होतं ते पाहा: विधवा किंवा विधुर, अविवाहित मुलगी, अज्ञान मुलगा, आणि शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारं अपत्य. तिशी ओलांडलेला, धडधाकट, शर्यतींत पैसे घालवून बसलेला धाकटा मुलगा यात कुठेच बसत नाही. कादंबरीतला नेहमीचा संशयित तोच. कायदा बदलला तरी त्याची अडचण होती तिथेच राहिली, म्हणून १९३९ नंतरच्या कादंबऱ्यांतही ही चौकट टिकली.

आता ‘उद्या’ या शब्दाकडे येऊ. मृत्युपत्र बदलायला किती वेळ लागतो? १८३७ च्या मृत्युपत्रांच्या कायद्याप्रमाणे मजकूर लेखी हवा, शेवटी सही हवी, ती सही दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर राहून पाहिलेली असावी, आणि त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. एवढंच. स्टँप नाही, नोंदणी नाही, वकील असायची सक्ती नाही. साध्या चिठ्ठीच्या कागदावर दहा मिनिटांत काम होतं. म्हणजे आधी जाहीर करून मग सॉलिसिटरची वाट पाहणारा म्हातारा स्वतःवर एक धोक्याची रात्र ओढवून घेतो, तीही विनाकारण. चांगले लेखक याला कारण देतात: त्याला वारसांना खेळवण्यात मजा वाटते, किंवा इस्टेट इतकी गुंतागुंतीची आहे की घरगुती कागदावर भागणार नाही. कारण दिलेलंच नसेल तर लेखकाने कायदा वाचलेला नाही, एवढं समजून पुढे जावं.

साक्षीदार कोण, हे मात्र जरूर पाहा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळायचं आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने वा बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याची देणगी जाते. म्हणून या कादंबऱ्यांत सही करायला नेहमी स्वयंपाकीण, माळी, वाटेवरून जाणारा पोस्टमन अशी माणसं बोलावली जातात. यातूनच एक उपयोगी उलटी खूण मिळते. ज्याला साक्षीदार म्हणून बोलावलं त्याला त्या कागदात काही नाही, आणि ज्याला मुद्दाम बोलावलं नाही त्याला काहीतरी असावं. घरात चार माणसं हजर असताना बागेतून माळी बोलावले गेले, तर घरातल्या त्या चौघांकडे नीट बघायला हवं.

(इथे अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० च्या पहिल्या कादंबरीतली, स्टाइल्सच्या प्रकरणातली, एक खूण उघड होते. खुन्याचं नाव सांगत नाही.) तिथे नेमके दोन माळी सहीला बोलावले जातात आणि त्यांच्या मातीच्या बुटांचाही पुराव्यात उपयोग होतो. पुढची गोष्ट त्याहून सुंदर. भर उन्हाळ्याच्या दिवशी घरमालकीण आपल्या खोलीत शेगडी पेटवायला सांगते. इतक्या उकाड्यात आग कशाला? एखादा जाड कागद नाहीसा करायचा असेल म्हणून. १८३७ च्याच कायद्याप्रमाणे मृत्युपत्र रद्द करण्याचा एक मार्ग म्हणजे ते जाळणं, फाडणं किंवा नष्ट करणं. मात्र हे मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः करावं, किंवा त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने त्याच्यासमोर करावं, आणि मनात रद्द करण्याचाच हेतू असावा. ख्रिस्तीबाईंनी कायद्याचं एक कलम घेऊन त्यातून शेगडीतली राख बनवली.

याच कलमाच्या दुसऱ्या टोकाला बऱ्याच लेखकांची गफलत होते. म्हाताऱ्याने फोनवर सांगितलं, ‘ते मृत्युपत्र फाडून टाका’, आणि सॉलिसिटरने आपल्या कचेरीत ते फाडलं, तर मृत्युपत्र रद्द होत नाही. फाडताना म्हातारा समोर नव्हता. तुकडे किंवा नक्कल यावरून ते कोर्टात शाबीत करता येतं. आणि मृत्युपत्र शेवटचं त्याच्याच ताब्यात होतं, पण मेल्यावर सापडत नाही, अशा वेळी कायदा आधी असं धरतो की त्यानेच ते रद्द करायला नष्ट केलं. मात्र हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण खऱ्या आयुष्यातलं आहे. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख राहिलेले लॉर्ड सेंट लेनर्ड्स, १८७५ मध्ये वारले. मृत्युपत्र ज्या पेटीत असायचं त्या पेटीत ते नव्हतं. फक्त मृत्युपत्राला नंतर जोडलेल्या पुरवण्या होत्या. त्यांची मुलगी शार्लट हिने ते इतक्या वेळा वाचलेलं होतं की तिने मजकूर आठवणीतून सांगितला, आणि १८७६ मध्ये अपील कोर्टाने तो मान्य केला. मुलगी स्वतः लाभार्थी असूनही. मिळकतीचा कायदा सामान्य माणसाला समजावून सांगणारं पुस्तक ज्यांनी लिहिलं, त्यांच्याच घरी ही पाळी यावी! एखाद्या कादंबरीकाराने हे रचलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

लग्नाबद्दलही थोडं सांगतो, कारण ‘सत्तरीचा विधुर नर्सशी लग्न करतो’ हा प्रकार या पुस्तकांत वारंवार येतो. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. नव्याने काही लिहावं लागत नाही. म्हाताऱ्याला हे ठाऊक असण्याचीही गरज नाही. १९२६ पासून एकच अपवाद आला: अमुक व्यक्तीशी होणारं लग्न डोळ्यांपुढे ठेवून मृत्युपत्र केलं आहे असं त्यात म्हटलेलं असेल तर ते टिकतं. म्हणजे मुलांना जर काही करायचं असेल तर ते लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत. लग्नानंतर ‘बाबांनी नवं मृत्युपत्र केलं का’ म्हणून कपाटं धुंडाळणारी मुलं दाखवली, तर ती चुकीचा कागद शोधताहेत: जुनं गेलेलं आहे, नवं नसेल तर बाबा मृत्युपत्राविना गेले. १९२६ नंतर अशा वेळी, मुलं असतील तर, विधवेला घरातल्या वस्तू, एक हजार पाउंड आणि उरलेल्यापैकी अर्ध्या मिळकतीचं हयातभर उत्पन्न मिळायचं. बाकी मुलांकडे. काही मुलांसाठी हे जुन्या मृत्युपत्रापेक्षाही बरं ठरू शकतं, आणि अशा घरात नर्सवर दात खाणारा मुलगा मूर्ख ठरतो. मला असे मूर्ख संशयित आवडतात. ते खरे वाटतात.

या १९२६ वर जरा रेंगाळतो, कारण सगळ्या परंपरेतली मला सर्वांत कुशल वाटणारी रचना या तारखेवर उभी आहे. (डोरोथी सेयर्स यांच्या १९२७ आणि १९२८ च्या दोन कादंबऱ्यांबद्दल सांगतो. वाचायच्या असतील तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) १९२५ मध्ये इंग्लंडने मिळकतीचे कायदे मुळापासून बदलले आणि नवे कायदे १ जानेवारी १९२६ ला लागू झाले. मृत्युपत्र नसताना थोरल्या मुलाला जमीन जाण्याची शतकानुशतकांची रीत त्या दिवशी संपली. वारसांची नवी यादी आली: अपत्यं, आईबाप, सख्खी भावंडं, सावत्र भावंडं, आजी-आजोबा, काका-मामा-आत्या-मावश्या. यादी संपली की मिळकत राजसत्तेकडे. १९२७ च्या कादंबरीत एक श्रीमंत म्हातारी कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली आहे. ती तशीही काही महिन्यांची सोबती, शिवाय मृत्युपत्राचं नाव काढलं की चिडते. तिची जवळची एकमेव नातेवाईक म्हणजे भाच्या-पुतण्यांच्याही खालच्या पिढीतली एक तरुणी. डॉक्टर विचारतो: जी बाई लवकरच मरणार आहे तिला कोणी घाईने का मारेल? उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. जुन्या कायद्याने तरुणी सरळ वारस ठरत होती. नव्या कायद्याचे शब्द तिच्या पिढीपर्यंत पोचतात की नाही याची तिला शंका होती. म्हातारी डिसेंबरअखेर गेली पाहिजे, जानेवारीत नको.

पुढच्या वर्षीची कादंबरी याहून साधी, पण तितकीच कायद्याला धरून. एका क्लबात, युद्धविरामाच्या स्मृतिदिनी, म्हातारा जनरल खुर्चीत मेलेला आढळतो. त्याच दिवशी सकाळी त्याची श्रीमंत बहीण वारलेली. बहिणीचं मृत्युपत्र असं की भाऊ तिच्यामागे जिवंत असेल तर बहुतेक पैसा त्याचा, म्हणजे पुढे त्याच्या नातवांचा. तो आधी गेला असेल तर बहुतेक पैसा तिने सांभाळलेल्या तरुणीचा. आधी कोण मेलं, यावर सगळं. हा प्रश्न कोर्टांनाही नवा नव्हता. १८६० च्या एका खटल्यात जहाज बुडताना नवरा, बायको आणि मुलं एकाच लाटेने ओढली गेली होती. नवराबायकोंनी एकमेकांना आणि मग मुलांना डोळ्यांसमोर ठेवून मृत्युपत्रं केलेली. आधी कोण गेलं ते सिद्ध होईना. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की कायदा काहीही गृहीत धरत नाही, ज्याला हक्क सांगायचा त्याने सिद्ध करावं. १९२६ पासून यात बदल झाला: कोण आधी गेलं हे कळत नसेल, तर वयाने धाकटा मागे राहिला असं धरायचं. दोघांचा एकत्र मृत्यू दाखवणाऱ्या कादंबरीत वयाचा उल्लेख सहज आला असेल तर तो सहज नसतो.

पुढचा मुद्दा वाचक सर्वांत जास्त वेळा सोडून देतात: पैसा नक्की कोणाचा आहे? म्हातारीकडे मोठं घर, गाडी, नोकर आहेत म्हणून पैसा तिचा असं होत नाही. बऱ्याच घरांत नवऱ्याने मिळकत विश्वस्तांकडे ठेवलेली असते: बायकोला हयातभर उत्पन्न, तिच्यानंतर मूळ भांडवल मुलांना. अशी बाई मृत्युपत्रात काहीही लिहो, ते भांडवल तिचं नाहीच. ती मेली की ते तिच्या नवऱ्याच्या जुन्या कागदाप्रमाणे जाणार. आता दोन संशयित कल्पा. एकाला तिच्या मृत्युपत्रात सगळं दिलेलं आहे, म्हणून सारं घर त्याच्याकडे बोट दाखवतं. दुसऱ्याचा तिच्या मृत्युपत्रात उल्लेखही नाही, पण वीस वर्षांपूर्वी मेलेल्या नवऱ्याच्या कागदात त्याचं नाव आहे. पहिल्याला चार दागिने मिळतील, दुसऱ्याला कारखाना. चांगला लेखक नवऱ्याचा तो कागद तिसऱ्या प्रकरणात सॉलिसिटरच्या तोंडी एका वाक्यात उरकतो आणि नंतर दोनशे पानं त्याबद्दल बोलत नाही.

यातच दुसऱ्या खुनाचं कारण दडलेलं असतं. ‘माझ्या पत्नीनंतर माझ्या तीन मुलांना’ असं लिहिलं असेल, तर मुलाचा हिस्सा बाप मेल्यादिवशीच पक्का होतो. तो आईच्या आधी मेला तरी हिस्सा त्याच्या स्वतःच्या वारसांना जातो. ‘माझ्या पत्नीनंतर त्या वेळी हयात असलेल्या मुलांना’ असं लिहिलं तर मेलेल्याचा हिस्सा उरलेल्या दोघांत वाटला जातो. पहिल्या शब्दरचनेत भावाला मारून भावाला काहीच मिळत नाही, दुसऱ्यात बरंच मिळतं. एका कादंबरीत चार महिन्यांत दोन भावंडं गेली तर आधी हे वाक्य शोधा आणि विष कुठून आलं ते नंतर बघा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खुन्याला पैसा मिळतो का? १८७० पर्यंत प्रश्न वेगळ्या वाटेने सुटायचा, कारण गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची मालमत्ता सरकारजमा व्हायची. त्या वर्षी ती पद्धत रद्द झाली आणि कायद्यात पोकळी राहिली. ती न्यायाधीशांनी भरली. लिव्हरपूलचा कापसाचा व्यापारी जेम्स मेब्रिक १८८९ मध्ये मेला. बायको फ्लॉरेन्स विषप्रयोगाबद्दल दोषी ठरली, फाशी माफ होऊन जन्मठेप झाली. नवऱ्याचा दोन हजार पाउंडांचा विमा तिच्या नावे होता. त्यावर अपील कोर्ट म्हणालं की स्वतःच्या गुन्ह्यातून जन्मलेला हक्क कोणी कोर्टामार्फत वसूल करू शकत नाही. पण विमा कंपनीलाही सुटका मिळाली नाही. रक्कम मृताच्या इस्टेटीला द्यावी लागली. डॉक्टर क्रिपनला १९१० मध्ये फाशी झाली. १९११ मध्ये त्याची प्रेयसी एथेल ल नीव्ह त्याच्या मृत्युपत्राच्या आधारे त्याच्या खून झालेल्या बायकोच्या मिळकतीची व्यवस्था मागायला आली, तेव्हा तिलाही हेच उत्तर मिळालं: त्याला जे मिळू शकत नव्हतं ते त्याच्यामार्फत तुलाही नाही. १९३४ मध्ये, आईला मारून स्वतः मेलेल्या मुलाच्या प्रकरणात, हाच नियम मृत्युपत्र नसतानाच्या वारसालाही लागू झाला.

अमेरिकेत तर तुमच्या प्रश्नातली कथा जशीच्या तशी घडली होती. न्यूयॉर्क राज्यात फ्रान्सिस पामर या शेतकऱ्याने १८८० च्या मृत्युपत्रात मुलींना थोडंसं आणि बाकी सगळं नातू एल्मर याला दिलं. १८८२ मध्ये म्हाताऱ्याने पुन्हा लग्न केलं आणि मृत्युपत्र बदलण्याची भाषा सुरू केली. सोळा वर्षांच्या एल्मरने त्याला विष घातलं. शिक्षा झाली. तरी त्याच्या वकिलांचा युक्तिवाद असा की मृत्युपत्र कायदेशीर आहे, ते कधी रद्द झालं ते कायद्याने मोजून सांगितलंय, आणि खुनाचा त्या यादीत उल्लेख नाही. १८८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी त्याला वारसा नाकारला. ते दोघे न्यायाधीश काही बाष्कळ बोलत नव्हते. कायद्याच्या अक्षराप्रमाणे एल्मरची बाजू खरोखरच भक्कम होती. कायद्याचे विद्यार्थी आजही या निकालावर भांडतात.

या नियमाचा कादंबरीवर होणारा परिणाम वाचकाला फारसा जाणवत नाही. मला मात्र सगळी खरी मेख तिथेच दिसते. पकडला गेलेला वारस स्वतः हरतो एवढ्यावर ते थांबत नाही, त्याचा हिस्सा शेजारी बसलेल्या नातेवाइकांकडे जातो. म्हणजे त्या बैठकीच्या खोलीत जमलेल्या प्रत्येकाला, स्वतः निर्दोष असला तरी, दुसरा कोणीतरी दोषी ठरण्यात पैशाचा रस आहे. पोलिसांना ‘मी त्याला जिन्यावर पाहिलं’ म्हणून सांगणारी आत्या खोटं बोलत नसेलही, पण तिच्या साक्षीची किंमत पाउंडांत मोजता येते. आणि हुशार खुनी गुन्हा कोणाच्या माथी मारायचा ते निवडताना बाहेरचा माळी निवडत नाही, सहवारस निवडतो. एक विषाने गेला, दुसरा फाशीने, आणि दोघांचंही आपल्याकडे. वाचताना नातेवाइकांची नावं एकाखाली एक लिहा आणि समोर दोन रकाने करा: म्हातारा मेला तर याला काय, आणि याच्या शेजारचा फासावर गेला तर याला काय. दुसरा रकाना भरणारे वाचक मला फार कमी भेटलेत, आणि खुनी बऱ्याचदा दुसऱ्या रकान्यात सापडतो.

दोन पळवाटा होत्या, त्याही सांगतो. १८८३ पासून १९६४ पर्यंत इंग्लंडमध्ये ‘दोषी, पण वेडा’ असा निकाल देता येत असे. नाव काहीही असो, कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष सुटकाच होती, आणि १९१५ मध्ये कोर्टाने बाप आणि भाऊ यांना मारणाऱ्या अशाच एका माणसाचा वारसा मान्य केला. वेडाचं सोंग घेणाऱ्या खुन्याकडे म्हणूनच हिशेबाच्या नजरेनेही पाहा. दुसरी गोष्ट पळवाट वाटते पण नाही: फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटलेला माणूस इस्टेटीसाठी सुरक्षित नसतो. नातेवाईक दिवाणी दावा लावून, कमी कडक पुराव्यावर, त्यानेच मारलं असं दाखवू शकतात. जुन्या काळी त्याच खुनासाठी पुन्हा फाशी होऊ शकत नसे, पण पैसा जाऊ शकत असे. हा शेवट वापरणारी कादंबरी मला वाचायला आवडेल.

कुठे लेखक सरळ थापा मारतात? मुख्यतः वेळेच्या बाबतीत. शुक्रवारी सावकाराचे पैसे द्यायचेत म्हणून बुधवारी खून करणाऱ्याला शुक्रवारी काही मिळत नाही. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, मिळायला वेळ जातो आणि वाटप करायला व्यवस्थापकांना कायद्याने एक वर्ष असतं. फार तर ‘लवकरच वारसा मिळणार’ म्हणून सावकार मुदत वाढवून देईल, आणि सुज्ञ लेखक तेवढंच दाखवतो. अंत्यविधीनंतर सगळ्यांना बसवून मृत्युपत्र वाचणं हीसुद्धा रीत आहे, कायद्याची अट नाही. प्रोबेट झाल्यावर कोणीही लंडनच्या समरसेट हाउसला, म्हणजे मृत्युपत्रं ठेवलेल्या सरकारी कचेरीत, जाऊन एका शिलिंगात मृत्युपत्र पाहू शकत असे. मृत्युकराचा तर कोणी विचारच करत नाही. १८९४ मध्ये तो जास्तीत जास्त ८ टक्के होता, १९४९ पर्यंत दहा लाख पाउंडांवरच्या इस्टेटींना ८० टक्क्यांवर गेला. शिवाय १९१० ते १९४६ या काळात मृत्यूआधीच्या तीन वर्षांत दिलेल्या बक्षिसांवरही हा कर लागायचा. म्हणजे म्हाताऱ्याने गेल्या वर्षी जमीन पुतण्याच्या नावे करून दिली असेल, तर पुतण्या त्याला आणखी दोन वर्षं जगवायला डॉक्टरांची रांग लावेल. ज्याला म्हातारा जिवंत हवा आहे, असा माणूस यादीतून वगळण्याचं इतकं स्वच्छ कारण दुसरं नाही.

शेवटचा प्रश्न: पुस्तक मिटल्यावर पैसा कोणाला? खुनी मृत्युपत्रातला लाभार्थी असेल तर त्याची देणगी पडते आणि उर्वरित मिळकतीत, म्हणजे नेमून दिलेल्या देणग्या वाटून उरलेल्या भागात, मिसळते. तो उर्वरित मिळकतीचाच मालक असेल, तर तेवढ्या भागापुरता म्हातारा मृत्युपत्राविना मेला असं धरून, खुन्याला वगळून, बाकीच्या वारसांत वाटप होतं. १९५६ च्या एका खटल्यात आईने सगळं मुलीला दिलं होतं, मुलीने आईला मारून स्वतःही जीव दिला. सगळं दुसऱ्या अपत्याला, मुलीच्या भावाला मिळालं.

पण खुन्याची मुलं? त्यांचं काय होत असे ते लेखक कधी सांगत नाहीत, आणि सांगितलं असतं तर बऱ्याच कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानाची चव बिघडली असती. नातवंडांना आजोबांकडून वारसा मिळतो तो त्यांचा बाप आधीच वारला असेल तर. खुनी बाप जिवंत असतो. म्हणून बाप अपात्र आणि मुलंही बाहेर. सगळं चुलत घराकडे. २००० मध्ये अपील कोर्टासमोर असंच एक लहान मूल आलं, ज्याच्या बापाने आजी-आजोबांना मारलं होतं. कोर्टाने कायद्याचे शब्द आहेत तसेच वाचले आणि मुलाला काही मिळालं नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, पार्लमेंटने नवा कायदा करून सांगितलं की अशा वेळी खुनी आधीच मेला असं धरावं, म्हणजे त्याच्या मुलांना त्याच्या जागी घेता येईल. तुम्ही वाचता त्या सगळ्या कादंबऱ्या त्याच्या आधीच्या. त्यामुळे शेवटच्या प्रकरणात खुन्याला पोलीस घेऊन जातात तेव्हा वरच्या मजल्यावर त्याची दोन मुलं झोपलेली असतील, तर रकान्यात त्यांच्या नावापुढे शून्य लिहा, आणि समाधानाने चहा ओतणाऱ्या भावजयीचा आकडा वाढवा.